वेब डिझाइन कॉलेजात शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी वेब डिझाइनवर बोलायला उभं राहावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटत असेल. आम्ही कोड लिहीत नाही. पण या अभ्यासक्रमाकडे आम्ही काही काळ कुतूहलानं बघत आलो आहोत, आणि कारण साधं आहे. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं का? जाणणं आणि करता येणं यांत फरक काय? एखाद्याचं मन वळवणं कुठे संपतं आणि त्याला फसवणं कुठे सुरू होतं? आमच्या विषयात या प्रश्नांवर अडीच हजार वर्षं वाद चालू आहे. इथे ते अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपुढे गृहपाठ म्हणून येतात, आणि गृहपाठ शुक्रवारपर्यंत द्यायचा असतो. आम्हाला कुणी कधी शुक्रवारची मुदत घातली नव्हती.

पालकांचा प्रश्न मात्र वेगळा असतो आणि तो रास्त आहे. मुलगी बारावीनंतर म्हणते, मला इंटरॅक्टिव्ह मीडिया आणि वेब डिझाइन करायचंय. घरचे म्हणतात, अगं, हे तर व्हिडिओ बघून सहा महिन्यांत येतं म्हणतात, मग चार वर्षं आणि एवढी फी कशासाठी? आणि आता तर यंत्राला नुसतं सांगितलं तरी ते पान बनवून देतं. या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ, पण मधे जे बोलणार आहोत ते सगळं त्याच्याचसाठी आहे.

आधी शब्दांचं बघू. 'वेब डिझाइन' म्हटलं की डोळ्यांसमोर रंग, चित्रं, अक्षरं येतात. पुस्तकाचं मुखपृष्ठ करतात तसंच काहीतरी, फक्त पडद्यावर. 'इंटरॅक्टिव्ह'साठी मराठीत 'परस्परसंवादी' असा शब्द केलेला आहे. तो बोलताना जरा अडखळायला लावतो, पण त्यातलं 'परस्पर' मोलाचं आहे. पोस्टर छापून भिंतीवर लागलं की चित्रकाराचं काम संपलं. वेबपान तुमची वाट बघत असतं. बोट लावलं की ते बदलतं, तुम्ही काय केलंत ते लक्षात ठेवतं, चुकलात तर सांगतं. (किंवा सांगत नाही, आणि मग आपण पडद्याकडे बघत बसतो.) म्हणजे हे काम करणारा माणूस काय करतो, तर त्यानं कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाची पुढची कृती आधीच कल्पून ठेवतो. बँकेचं ॲप, मुलांचा खेळ, संग्रहालयातला हात लावला की हलणारा नकाशा, रेल्वेचं तिकीट देणारं यंत्र, सगळं या वर्णनात बसतं.

अभ्यासक्रमात काय काय असतं ते पटकन सांगतो. सुरुवातीला रेखाटन, रंग, अक्षररचना. मग एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. सीएसएस म्हणजे त्याचं दिसणं. जावास्क्रिप्ट म्हणजे त्याचं वागणं. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली ती बाहेरच्या जगाला खुली झाली, तेव्हा फक्त सांगाडाच होता. जावास्क्रिप्ट १९९५ ची, सीएसएसची पहिली प्रमाण आवृत्ती १९९६ ची. ही तिन्ही अजून टिकून आहेत. त्यांच्या आजूबाजूला जे उगवलं त्यातलं बरंचसं मात्र वाहून गेलं.

फ्लॅशचं उदाहरण घ्या. एके काळी हलती चित्रं, खेळ, कंपन्यांची अख्खी संकेतस्थळं फ्लॅशमध्ये बनत. शिकवणीवर्गांच्या पाट्यांवर त्याचं नाव असे. आयफोननं त्याला कधी दारातच उभं केलं नाही. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबी कंपनीनं त्याचा पाठिंबा काढून घेतला आणि पुढच्याच महिन्यापासून फ्लॅशमधली कामं त्यांच्या प्लेअरमध्ये उघडेनाशी झाली. ज्यांनी फक्त फ्लॅशची बटणं पाठ केली होती त्यांची विद्या एका तारखेला संपली. पण त्याच साधनावर ज्यांनी हालचालीची लय शिकून घेतली, म्हणजे एखादी गोष्ट किती वेळात सरकली की डोळ्याला बरी वाटते, किती वेळ थांबली की माणूस वैतागतो, त्यांनी ती विद्या उचलली आणि दुसऱ्या साधनात नेली. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ साली 'अमुक आहे हे जाणणं' आणि 'अमुक कसं करावं हे जाणणं' असा भेद केला, तो आम्ही वर्गात पोहण्याची आणि सायकलची उदाहरणं देऊन शिकवायचो. आता फ्लॅशचं द्यायला हरकत नाही.

या विषयातला एक शब्द असा आहे की तो आमच्या विषयाला फार जवळचा आहे: अफॉर्डन्स. जे. जे. गिब्सन या मानसशास्त्रज्ञानं तो घडवला. त्याचं म्हणणं असं, की आपण जगाकडे बघतो तेव्हा नुसते आकार आणि रंग बघत नाही, तिथे काय करता येईल ते बघतो. पार दिसला की बसता येईल हे दिसतं. कठडा दिसला की टेकता येईल हे दिसतं. आणि मुंगीला तोच कठडा टेकायचा नसतो, चालायचा असतो. म्हणजे 'करता येण्याजोगं' हे नुसत्या वस्तूतही नसतं आणि नुसत्या बघणाऱ्यातही नसतं, दोघांच्या नात्यात असतं. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात हा विचार दारं, नळ, शेगड्या यांना लावला. दार ओढायचं की ढकलायचं हे कळण्यासाठी वर पाटी लावावी लागत असेल, तर दारातच काहीतरी बिघडलंय. पडद्यावरच्या बटणाचंही तेच. ते बटण आहे हे सांगावं लागलं, तर ते बटण नाही.

आपल्याकडे हा विचार फार आधी येऊन गेला होता, तोही एका तांब्याच्या निमित्तानं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दाम्पत्य १९५८ साली भारत सरकारच्या विनंतीवरून देशभर हिंडलं आणि डिझाइनचं शिक्षण कसं असावं यावर त्यांनी एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, १९६१ साली उभी राहिली ती त्या अहवालाच्या पाठोपाठ. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याला मोठा मान दिला आहे. कुणा एकानं तो घडवला नाही, पिढ्यान् पिढ्या हातांनी घडवला, असं म्हणून ते प्रश्नांची माळ लावतात. आज एखाद्याला लोटा नव्यानं करायचा झाला तर त्याला काय काय विचारात घ्यावं लागेल? पाणी किती मावावं, धरणारा हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, रिकामा असताना तोल कुठे आणि भरल्यावर कुठे, ओतताना धार कशी पडते, आत गरम असेल तर हातात धरवेल का, डोळे मिटून हात लावला तर कसा लागतो, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो. शाळेच्या पुस्तकात हा उतारा का नाही, असं आम्हाला नेहमी वाटतं.

आता पडद्यावरचा लोटा घ्या. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर तिकिटाची स्पर्शपडद्याची यंत्रं आहेत. ती कशासाठी, तर माणसानं रांगेत न थांबता स्वतःचं तिकीट स्वतः काढावं म्हणून. आणि कित्येक स्टेशनांत त्या यंत्राशेजारी रेल्वेनंच नेमलेला एक मदतनीस उभा असतो, बहुतेक वेळा निवृत्त रेल्वे कर्मचारी, आणि तो लोकांना तिकिटं काढून देतो! म्हणजे यंत्राच्या आत खिडकी गेली आणि खिडकीतला माणूस बाहेर आला. यावर हसून सोडून देऊ नये. इंटरॅक्टिव्ह मीडियाच्या वर्गाला आम्ही पहिल्या महिन्यात तिथे तासभर उभं करू. काही करायचं नाही, नुसतं बघायचं. यंत्रापुढे स्वतः कोण जातं? मदतनिसाकडे कोण वळतं? घाई आहे म्हणून, चष्मा नाही म्हणून, मागचा माणूस खेकसेल म्हणून, की सुट्ट्या पैशांचा प्रश्न म्हणून? उत्तर आधी ठरवून जायचं नाही, एवढीच अट.

हे नुसतं बघणं फार अवघड आहे. चांगल्या कॉलेजात ते शिकवण्याची एक गमतीदार पद्धत आहे, आणि तिला संगणकच लागत नाही. पान कागदावर काढतात. प्रत्येक पडद्याचा एक कागद. मग एखाद्या परक्या माणसाला, मेसच्या काकूंना म्हणा, समोर बसवतात आणि सांगतात, यावरून गावी जायचं एसटीचं तिकीट काढा. काकू कागदावर बोट ठेवतात. एक विद्यार्थी 'संगणक' झालेला असतो, तो गुपचूप पुढचा कागद समोर सरकवतो. ज्यानं ते डिझाइन केलंय त्यानं शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. काकू भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात. त्याच्या जिवाची घालमेल होते. 'अहो काकू, ते वरचं, वरचं!' असं त्याला ओरडावंसं वाटतं. ओरडायचं नाही. कारण उद्या हे पान लाखो माणसांपुढे जाईल तेव्हा तो त्यांच्या शेजारी बसलेला नसेल. अशा चाचणीला पाचेक माणसं घेतली तरी मोठे दोष बाहेर येतात, असं जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं. नेमक्या आकड्यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण एकही माणूस न बसवणाऱ्यांच्या मानानं पाच बसवणारे फार पुढे असतात, एवढं नक्की.

आपलं मन जसं चालतं तसंच दुसऱ्याचं चालत असणार, हे गृहीतक आपण सगळेच धरून असतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ते खोडायला आम्हाला एक सत्र लागायचं. मेसच्या काकू पाच मिनिटांत खोडतात.

आता जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. फॉर्म. ऑनलाइन फॉर्म ही जगातली सगळ्यात कंटाळवाणी वस्तू आहे असं वाटतं ना? आम्हाला ती सगळ्यात तत्त्वज्ञानात्मक वाटते. कारण फॉर्म म्हणजे 'माणूस म्हणजे काय' याचा सिद्धान्त असतो. नावाचे दोन रकाने: पहिलं नाव, आडनाव. दोन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा सिद्धान्त झाला, की प्रत्येक माणसाला एक नाव आणि एक आडनाव असतं. तमिळनाडूत कितीतरी लोकांना आपल्या अर्थानं आडनावच नसतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. ते काय भरणार? आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव, असे तीन भाग. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की ठरवून दिलेल्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असेल. एका निर्णयानं तिनाचे चार भाग झाले. आता कुठल्यातरी कार्यालयात एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे काम मिळालं असेल, की फॉर्ममध्ये एक रकाना वाढव. त्या रकान्यासाठी किती वर्षं किती बायकांनी वाद घातला असेल, हे त्याला माहीत असलं तर तो रकाना तो नीट करेल. नाहीतर 'मधलं नाव' या एकाच रकान्यात आई आणि वडील दोघांना कोंबून मोकळा होईल, आणि यंत्राच्या लेखी आई पुन्हा नाहीशी.

लिपीचं तर विचारूच नका. इथे आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण मराठी मुलांनी हा विषय शिकण्यातली खरी मेख इथे आहे.

वेबचं सगळं सामान रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडलं. रोमनमध्ये एक अक्षर म्हणजे एक ठोकळा, ठोकळ्याशेजारी ठोकळा. आपलं अक्षर तसं नाही. 'स्त्री' हे आपल्या डोळ्याला एक अक्षर आहे. युनिकोडच्या हिशेबात ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. आता एखाद्यानं कोडमध्ये लिहिलं, की नावाचं पहिलं अक्षर घेऊन गोल चकतीत दाखव. ज्ञानेश्वरच्या चकतीत 'ज' येतो, 'ज्ञ' नाही. प्रकाशचा 'प' होतो. चूक बारीक वाटते, पण ज्याचं नाव आहे त्याला ती रोज दिसते. रोमन शीर्षकाला ऐट यावी म्हणून अक्षरांत अंतर टाकतात. तीच आज्ञा देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते, आणि शब्द दोरी तुटलेल्या तोरणासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर रोमनच्या मापानं ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे, तरी कितीतरी वर्षं मराठी वेबपानं निरनिराळ्या खासगी फॉन्टांवर चालत होती. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसता चिन्हांचा चिखल दिसायचा. मग मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर 'मंगल' हा फॉन्ट घरोघरी पोचला. तो केला होता आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, आयडीसीत, शिकवणाऱ्या प्रा. र. कृ. जोशी यांनी. हा माणूस मुळात सुलेखनकार. हातात बोरू धरणाऱ्या माणसानं देशातल्या संगणकांना देवनागरी लिहायला शिकवावं, हे या विषयाच्या अभ्यासाचं फार मोठं उदाहरण आहे, आणि आपल्याच विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं.

आणखी एक गंमत. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि शेंडीचा 'श' हिंदीपेक्षा वेगळा, हे तुम्हाला माहीत आहेच. शासनानंही मराठीसाठी तेच प्रमाण मानलेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना 'ल' एकच. मग पडद्यावर आपला 'ल' कसा आणायचा? पानाच्या कोडमध्ये भाषा सांगण्याची एक छोटी खूण असते. तिथे 'एमआर' ही दोन रोमन अक्षरं लिहिली, म्हणजे हे पान मराठीत आहे असं जाहीर केलं, की ज्या फॉन्टात तशी सोय केलेली आहे तो आपोआप पाकळीचा 'ल' काढतो. पण या खुणेचं दुसरं काम त्याहून मोठं आहे. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी आज्ञावली. ती हीच खूण बघून ठरवते, की हे मराठी आवाजात वाचायचं, हिंदीत की इंग्रजीत. दोन अक्षरं लिहायला दोन सेकंद लागत नाहीत. कित्येक मराठी पानांवर ती नसतात, किंवा त्यांच्या जागी इंग्रजीची खूण तशीच राहून गेलेली असते. जिनं ते पान केलं तिला दिसतं म्हणून तिला हे कधी कळतच नाही.

इथून आम्हाला ज्या गोष्टीकडे यायचं होतं तिच्याकडे येतो.

बँकेत खातं उघडायला किंवा मोबाइलचं सिम घ्यायला आता घरबसल्या ओळख पटवता येते. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. समोर फोटो धरलेला नाही, जिवंत माणूसच आहे, हे यंत्राला कळावं म्हणून पडद्यावर सूचना येते: डोळ्यांची उघडझाप करा. ज्यांनी ही युक्ती काढली त्यांना ती सोपी वाटली असणार. पापणी तर सगळ्यांचीच लवते! पण ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या कित्येकींची लवत नाही. त्यांना यंत्र सांगतं, तुम्ही जिवंत असल्याचं सिद्ध झालं नाही. अशा स्त्रिया आणि एक अंध नागरिक यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं निकाल दिला, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सरकारला आणि नियामक संस्थांना वीस निर्देश दिले, आणि पापणी लववण्याखेरीज दुसरे मार्गही ठेवा असं बजावलं.

यात दुष्ट कुणी नव्हतं. कुणी बसून ठरवलं नव्हतं, की जळालेल्या बाईला खातं उघडू द्यायचं नाही. एका खोलीत चार-सहा हुशार माणसं बसली असतील, त्यांनी आपापल्या मोबाइलसमोर डोळे मिटकावून बघितले असतील, सगळ्यांचं जमलं असेल, आणि ते पान पुढे गेलं असेल. एवढंच. मघाशी आपण म्हटलं, की या कामात न पाहिलेल्या माणसाची कृती कल्पायची असते. त्या खोलीत जी नव्हती तिची कल्पना कुणी केली नाही. म्हणून वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष कॉलेजात शिकवायचे असतात. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ सालची, म्हणजे ही आजची टूम नाही. साध्या मजकुराचा रंग आणि मागची जमीन यांत निदान साडेचारास एक एवढा उजेडाचा फरक हवा. प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन हवं. माउस न वापरता नुसत्या कीबोर्डवर सगळं करता आलं पाहिजे. हे पाठ करून गुण मिळतात. पण निकष पाळले आणि माणूस राहिला असंही होतं, म्हणून पुन्हा त्या कागदी पानांपाशी यावं लागतं. समोर बसवलेली माणसं कोण आहेत, हे तिथे बघावं लागतं. पाचही जण वर्गमित्रच असतील तर ती चाचणी झालीच नाही.

आता या विद्येची काळी बाजू. माणसाचं बोट कुठे वळतं, डोळा कुठे थांबतो, कंटाळा कधी येतो, हे ज्याला कळलं त्याला मदत करता येते तशी लूटही करता येते. 'फक्त २ शिल्लक, घाई करा.' न मागता पिशवीत पडलेला विमा. सदस्यत्व घ्यायला एक बटण आणि सोडायला सात पानं. नकाराच्या बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत'. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली या प्रकारांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढून असे १३ प्रकार नावानिशी नोंदवले आणि त्यांना मनाई केली.

विद्यार्थी इथे एक चांगला प्रश्न विचारतात. कुठलं पान बरं, हे कंपन्या मोजूनच ठरवतात. अर्ध्या लोकांना एक रूप दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि ज्यावर जास्त बोटं पडली ते ठेवायचं. लोकांनीच निवडलं, मग त्यात वाईट काय? आम्हाला इथे प्लेटोच्या 'गॉर्जिअस' या संवादातला सॉक्रेटिस आठवतो. तो म्हणतो, वैद्य आणि आचारी यांच्यात स्पर्धा लावा आणि पंच म्हणून मुलांना बसवा. शरीराला काय चांगलं हे कोणाला कळतं, या प्रश्नावर आचारीच जिंकणार आणि वैद्य उपाशी मरणार. (मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत अर्ध्या र-चाच काय तो फरक, आणि तोही फॉन्ट नीट नसेल तर दिसत नाही.) बोटांची मोजणी हे त्या मुलांचं पंचमंडळ आहे. त्या क्षणी काय गोड लागलं ते ती अचूक सांगते. महिनाअखेरीस खात्यातून पैसे गेलेले बघून त्या माणसाला काय वाटलं, हे त्या मोजणीत येत नाही. कांटच्या भाषेत बोलायचं तर माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. पण कांट वाचून हे मनात जितकं उतरतं, त्याहून जास्त एका गृहपाठानं उतरेल. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमधलं एखादं नको असलेलं सदस्यत्व त्यांच्याच हातानं रद्द करायला सांगा, शेजारी गप्प बसा, आणि किती वेळ लागला ते लिहून आणा.

तर मग पालकांच्या प्रश्नाकडे. सहा महिन्यांत व्हिडिओ बघून एचटीएमएल येतं का? येतं. हुशार मुलाला तीन महिन्यांत येतं. यंत्र पान बनवून देतं का? देतं, आणि दिसायला देखणं देतं. जगात आजवर जी पानं झाली त्यांच्या सरासरीवरून ते शिकलेलं आहे, त्यामुळे त्या पानांत ज्या खोडी होत्या त्याही ते निमूटपणे उचलतं. चौथा रकाना, पाकळीचा ल, न लवणारी पापणी, हे त्याला विचारावं लागतं. विचारण्यासाठी ते आधी कुणालातरी सुचावं लागतं. चार वर्षांची फी द्यायची असेल तर ती या सुचण्यासाठी. ते जिथे शिकवत नाहीत तिथे देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे, मग इमारत कितीही चकचकीत असो.

ते कसं ओळखायचं? प्रवेशाच्या आधी कॉलेजात जा आणि माहितीपत्रक बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. गेल्या सहा महिन्यांत कॅम्पसबाहेरच्या किती माणसांपुढे तुमचं काम ठेवलंत, ते विचारा. एखादं काम मराठीत केलंय का, आणि केलं असेल तर त्यात काय मोडलं? कुणी डोळे मिटून, स्क्रीन रीडर लावून, स्वतःचंच पान वापरून बघितलंय का? 'कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात' हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. त्याचं उत्तर तुमची मुलगी बाहेर पडेपर्यंत बदललेलं असेल. एनआयडी किंवा आयडीसी मिळालं तर उत्तमच, पण तिथल्या जागा थोड्या आणि परीक्षा कठीण. साध्या कॉलेजातही एखादा असा शिक्षक असतो, जो मुलांना वर्गाबाहेर हाकलतो. त्याचा शोध घ्या.

आणि मुलांनो, तुम्ही कामांची फाइल करता ना, मुलाखतीला न्यायची, ती आम्ही पाहिली आहे. सगळी पानं झकपक, शेवटची, पूर्ण झालेली. त्यात टाकून दिलेली पानंही ठेवा. काकूंनी जिथे चुकून बोट ठेवलं तो कागद ठेवा, आणि त्याच्यापुढे तुम्ही काय बदललंत तो ठेवा. काम देणाऱ्यांतले जे जाणते असतील ते तिथेच थांबून बघतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ. माइक मागे द्या, मागचे लोक मघापासून हात वर करून बसलेत.